३९९ रुपयांचं अ‍ॅप आणि आमचा ११ नंबर

धुळ्यात देवपूरला संध्याकाळी पंधरा-सोळा पोरं माझ्याकडे बास्केटबॉल खेळायला येतात. इतकी वर्षं मी स्कोअर वहीत मांडत आलो. दिवाळीनंतर पुतण्याने फोनमध्ये स्कोअरिंगचं एक अ‍ॅप टाकून दिलं, महिन्याला ३९९ रुपये. आठ सामने वापरून झालं, म्हणून लिहितोय.

आमचा ७ नंबर म्हणजे टीमचा हिरो. जळगावच्या मॅचला त्याने २२ पॉइंट काढले, परतीच्या गाडीत त्याचंच कौतुक. ११ नंबरचे फक्त १२, त्याला कोणी विचारलंही नाही. रात्री अ‍ॅप उघडलं तर ‘ट्रू शूटिंग’मध्ये (किती प्रयत्नांत किती पॉइंट काढले, त्याचे टक्के) ७ नंबर ४१ टक्के आणि ११ नंबर ६८! मला पटेना. वही काढून हाताने हिशेब केला. ७ नंबरने २४ शॉट मारले आणि ६ फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) घेतले. फ्री थ्रोला ०.४४ ने गुणायचं (प्रत्येक वेळी दोनच मिळतात असं नाही, बास्केट होऊन वर एकही मिळतो, म्हणून निम्म्यापेक्षा कमी), ते शॉटमध्ये मिळवायचं, त्याची दुप्पट करायची आणि तिने पॉइंटना भागायचं. २२ भागिले ५३.२८. अ‍ॅप बरोबर होतं, मी आणि अख्खी गाडी चूक. ११ नंबरला ७ शॉट आणि ४ फ्री थ्रो पुरले होते. २०१५-१६ च्या मोसमात अमेरिकेतल्या एनबीए लीगमधला नामी नेमबाज स्टीफन करी याचा हाच आकडा ६६.९ होता. अर्थात ती एनबीए, तीही पूर्ण मोसमाची. आमच्या पोराची एका दुपारची कमाई. एवढ्यावरून हुरळू नये.

एवढ्यासाठी ३९९ वसूल. पुढचं मात्र ऐका.

खेळाडूची सगळी कामगिरी एकाच आकड्यात सांगणारा ‘पीईआर’ अ‍ॅप मोठ्या अक्षरात दाखवतं. बास्केटबॉलची आकडेवारी मांडणाऱ्या जॉन हॉलिंजरने तो एनबीएसाठी बसवला, लीगची सरासरी १५ धरून. आमच्या आठ मॅचची सरासरी या अ‍ॅपने आणली कुठून? कंपनीला मेल केला, उत्तर नाही. मी तो रकाना बघतच नाही.

‘प्लस-मायनस’ त्याहून घातक. खेळाडू कोर्टवर असताना टीमने किती कमावले, किती गमावले, एवढंच ते मोजतं. बदली नोंदवायला विसरलात की सगळा हिशेब बोंबलला. डिसेंबरात धुळ्याच्या थंडीत बोटं गारठतात, स्क्रीन दाद देत नाही, आणि चुकलेली नोंद मागे घ्यायला चार ठिकाणी दाबावं लागतं. एकदा बाकावर बसलेल्या पोराच्या नावावर उणे ९ चढले. त्याच्या वडिलांनी फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “सर, मना पोऱ्या त खेळनाच नही!”

बचावाचं तर नावच काढू नका. ११ नंबर समोरच्याला चेंडूच मिळू देत नाही, त्याला कुठलंही बटण नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कापला तो ७ नंबरपायी. टक्के कळल्यापासून तो रोज विचारतो, “सर, आज किती?” परवा शॉट मारायला मिळणारे २४ सेकंद संपत आले तरी गडी चेंडू हातात धरून उभा. मारला का नाहीस विचारलं, तर म्हणे टक्के घसरले असते. तेव्हापासून फोन माझ्या खिशातच असतो.