जुनी प्रायस की जुनी कोरोला: कॅलिफोर्नियात कुठली परवडते?

दहा हजार डॉलरच्या आत गाडी शोधायला बसलं की बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, दोन नावं हटकून समोर येतात: २०१० ते २०१५ मधली टोयोटा प्रायस, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला मोठी बॅटरी असलेली हायब्रिड, आणि त्याच वयाची साधी पेट्रोलवरची कोरोला. दोन्हींची इंजिनं १.८ लिटरची, किंमत थोडी इकडे-तिकडे. मग घरात एकच प्रश्न घोळत राहतो, "बॅटरी गेली तर?" प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते तो दुसऱ्या नंबरचा. आधी हे बघावं की दर दोन वर्षांनी येणारी स्मॉगची, म्हणजे प्रदूषणाची, चाचणी पास व्हायला ही गाडी किती पैसे मागेल.

पीयूसीची सवय असलेल्यांना ही चाचणी चमत्कारिक वाटते. आपल्याकडे सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात. इथे २००० आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या पेट्रोल व हायब्रिड गाड्यांना २०१५ पासून नळी लावतच नाहीत. डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टाला, म्हणजे गाडीतले बिघाड वाचायच्या सॉकेटला, केबल जोडतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात. शिवाय सगळे भाग जागेवर आहेत का, हे बॉनेट उघडून आणि खाली वाकून बघतात. चेक इंजिनचा दिवा लागलेला असला की नापास, मग गाडी कितीही मख्खन चालत असो. हायब्रिडला यातून सूट आहे असं अजूनही कुणी कुणी सांगतं. तशी सूट नाही. नव्या गाडीला पहिली आठ वर्षं स्मॉग करावा लागत नाही, पण या दोन्ही गाड्यांची ती मुदत कधीच संपली.

आणि दिवा लावू शकतील अशा महागड्या गोष्टी प्रायसमध्ये जास्त आहेत.

काजळी आणि कॅट

या पिढीच्या प्रायसचं खरं दुखणं म्हणजे ईजीआर. जळलेल्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडायची ही व्यवस्था. तिच्या कूलरमध्ये आणि इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या बारीक भोकांत वर्षानुवर्षं काजळी साचते. सगळ्या सिलिंडरना वायू सारखा मिळेनासा होतो, आणि मग लाख-दीड लाख मैलांच्या आसपास हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, जातं, असा बऱ्याच मेकॅनिकांचा अनुभव आहे. लक्षण ओळखू येण्यासारखं आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की इंजिन काही सेकंद खडखडतं, अख्खी गाडी हादरते आणि मग काही झालंच नाही अशी शांत होते. रात्रीतून थोडं कूलंट सिलिंडरमध्ये झिरपलेलं असतं, म्हणून हे. डीलर सोडून बाहेरच्या मेकॅनिककडे हे काम साधारण अडीच ते चार हजारांचं. ईजीआर वेळेवर साफ करून घेतला तर काहीशे डॉलरांत भागतं. कोरोलाच्या इंजिनाला हा आजार नाही. तिचा पाण्याचा पंप गळतो, अल्टरनेटर जातो. दोन्ही कामं शेकड्यांत होतात, हजारांत जात नाहीत.

दुसरा खर्च कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे धूर साफ करणाऱ्या 'कॅट'चा. प्रायसचं इंजिन सारखं बंद-चालू होत असल्यामुळे कॅटमधले मौल्यवान धातू कमी झिजतात. २०२१ मध्ये त्यांतल्या रोडियमचे भाव आभाळाला भिडले तेव्हा चोर करवत घेऊन प्रायसच्याच खाली शिरत होते. २०२३ पासून चोरीचा कॅट भंगारवाल्याला विकणं कॅलिफोर्नियात कायद्याने अवघड केलं आहे. तरी गाडी रस्त्यावर लावावी लागत असेल तर खाली पत्र्याची शील्ड बसवून घ्या. टोयोटाचा मूळ कॅट बसवायला दोन-तीन हजार लागतात. इंटरनेटवर तीनशेला मिळणाऱ्या कॅटच्या नादी लागू नका. त्यावर कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा, म्हणजे कार्बचा, मंजुरी क्रमांक नसेल तर डोळ्यांनी होणाऱ्या तपासणीतच गाडी बाद. दुसऱ्या राज्यात स्वस्तातला कॅट बसवून इकडे आणलेल्या गाड्या नेमक्या इथे अडकतात.

एवढं ऐकून कोरोलाकडे वळण्याआधी प्रायसच्या बाजूची एक मोठी गोष्ट सांगतो, जी विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसते. बॉनेटच्या आतल्या उत्सर्जनाच्या स्टिकरवर पीझेव (PZEV), म्हणजे फार कमी प्रदूषण करणारी गाडी, असा दर्जा लिहिलेला असेल, तर कॅलिफोर्नियात त्या गाडीच्या उत्सर्जनाशी संबंधित भागांना १५ वर्षं किंवा १,५०,००० मैल, जे आधी होईल तोपर्यंत कंपनीची वॉरंटी असते. २०१४ साली पहिल्यांदा विकलेल्या आणि कमी चाललेल्या प्रायसला ती २०२९ पर्यंत पुरते. कॅट निकामी झाला तर खर्च कंपनीचा. चोरीला गेला तर अर्थातच तुमचा. साध्या गाडीची अशी वॉरंटी सात-आठ वर्षांत संपते. तेव्हा १,१०,००० मैल झालेली २०१४ ची प्रायस आणि १,६०,००० मैल झालेली २०१० ची प्रायस यांना एकाच मापाने मोजू नका.

बॅटरी

प्रायसची बॅटरी निकेलची, २८ मॉड्यूलची, म्हणजे २८ छोट्या बॅटऱ्या जोडून केलेली. ती थकली की पी०ए८० हा बिघाडाचा कोड येतो, सोबत चेक इंजिनचा दिवा, म्हणजे स्मॉगही गेला. नवी मूळ बॅटरी बसवून साधारण अडीच ते साडेतीन हजार, दुरुस्त केलेली हजार-दीड हजार. एकच खराब मॉड्यूल बदलून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. किडका दात काढावा तर शेजारचा हलायला लागतो, तसा प्रकार होतो. मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीच्या पंख्याची जाळी असते. घरात कुत्रा असलेल्या लोकांच्या गाडीत ती केसांनी बुजलेली सापडते. ती जाळी कुणी साफ केलेली नसेल तर बॅटरी वर्षानुवर्षं तापत आली आहे, असं समजा.

तरीही बॅटरीचा खर्च कळून येणारा आहे. जायची तर ती एकदा जाते, भाव ठरलेला आहे, आणि बदलून देणारे घरी येतात. हेड गॅस्केटचं तसं नाही. तिथे इंजिन उघडल्यावर आणखी काय निघेल ते मेकॅनिकही आधी सांगत नाही.

ब्रेकच्या बाबतीत प्रायसचे पॅड फार टिकतात, पण ब्रेकला जोर देणारा ब्रेक बूस्टरचा संच गेला तर दोन-तीन हजार. त्याचा दिवा वेगळा असतो, स्मॉगशी त्याचा संबंध नाही.

हिशेब

प्रायस गॅलनला ५० मैल देते, कोरोला ३०च्या आसपास. वर्षाला १२,००० मैल झाले तर २४० गॅलन आणि ४०० गॅलन. पेट्रोलचा दर गॅलनला साडेचार डॉलर धरला तर वर्षाला ७२० डॉलरचा फरक, पाच वर्षांत ३,६०० डॉलर. बॅटरी किंवा हेड गॅस्केट, यांतला एक फटका या पैशांत भरून निघतो, दोन्ही नाहीत. आठवड्यातून दोनदा ऑफिस आणि शनिवारी किराणा, एवढीच गाडी फिरणार असेल तर डोळे मिटून कोरोला घ्या. रोज फ्रिमाँटहून माउंटन व्ह्यूला जाणार असाल तर प्रायस, पण ईजीआर साफ केल्याची पावती दाखवणारी किंवा वरची वॉरंटी शिल्लक असलेली. दोन-चार हजार वाढवता आले तर २०१६ नंतरची प्रायस बघा. मी तरी तीच घेईन.

बघायला जाताना

विकणाऱ्याला आधीच बजावा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. वीस-पंचवीस डॉलरचा ओबीडी रीडर सोबत ठेवा. डॉ. प्रायस नावाच्या ॲपवर बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचा व्होल्टेज दिसतो. रीडरवर मॉनिटर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या घेतो त्या तपासण्या, "तयार नाही" असे दिसले तर आदल्या दिवशी कुणीतरी कोड पुसले असणार, किंवा १२ व्होल्टची बॅटरी काढली असणार. २०००नंतरच्या पेट्रोल गाडीला एकट्या इव्हॅप, म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या, मॉनिटरची सवलत आहे, बाकी सगळे पूर्ण लागतात. २०१९ पासून मशीन कायमस्वरूपी, म्हणजे रीडरने पुसले तरी मागे राहणारे, कोडही वाचतं. कोड पुसल्यावर निदान २०० मैल आणि १५ वेळा इंजिन गार होऊन तापल्याशिवाय ते कोड माफ होत नाहीत. प्रायसचं इंजिन मध्येच बंद होत असल्यामुळे मॉनिटर पूर्ण व्हायला वेळही जास्त लागतो. तेव्हा बॅटरी बदलून लगेच दुसऱ्या दिवशी स्मॉगला जाण्यात अर्थ नाही.

गाडीच्या नंबरवरून तिचा जुना स्मॉग इतिहास ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर या स्मॉग चाचणी बघणाऱ्या सरकारी खात्याच्या वेबसाइटवर फुकट बघता येतो. मागे कधी नापास झाली होती का, हे तिथे कळतं. आणि या वयाच्या गाडीचं ९० दिवसांच्या आतलं स्मॉग सर्टिफिकेट देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. "जशी आहे तशी" असं कागदावर लिहून घेतलं तरी ती टळत नाही. "दोनशे कमी करतो, स्मॉग तुम्ही करून घ्या" म्हणणाऱ्याला सांगा, दोनशे राहू द्या, सर्टिफिकेट आणा.