प्री-सेशनल, इन-सेशनल की रायटिंग सेंटर? विद्यापीठातल्या इंग्रजी कोर्सची निवड

विद्यापीठात प्रवेश मिळतो, आयईएल्ट्ससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत बँडही (म्हणजे गुणांची पातळीही) चांगला येतो, आणि तरी पहिल्या असाइनमेंटवर शेरा पडतो: 'माहिती भरपूर, युक्तिवाद दिसत नाही.' इंग्रजी मातृभाषा नसलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचं घोडं इथेच अडतं. व्याकरणाची चूक कुणी दाखवत नाही, गुण मात्र कमी. आयईएल्ट्सच्या लेखनाच्या पेपरात तासाभरात दोन उत्तरं लिहायची असतात, एक किमान 150 शब्दांचं आणि दुसरं किमान 250 शब्दांचं. आधी कुणाचं काही वाचून, त्याचा आधार घेऊन लिहायचं नसतं. विद्यापीठातला निबंध दोन-तीन हजार शब्दांचा असतो, त्यामागे काही आठवड्यांचं वाचन असतं आणि प्रत्येक दाव्याला आधार द्यावा लागतो. त्यामुळे प्रवेश झाल्यावर पुन्हा परीक्षेच्या तयारीचाच क्लास लावणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे. तो पर्याय इथे बाजूलाच ठेवते.

उरतात ते प्री-सेशनल, इन-सेशनल, क्रेडिटचा (म्हणजे पदवीत मोजला जाणारा) लेखन-कोर्स, रायटिंग सेंटर आणि ऑनलाइन कोर्स. माहितीपत्रकात यांतल्या बहुतेकांपुढे 'अॅडव्हान्स्ड' लिहिलेलं सापडेल. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 साली मांडलेल्या सीईएफआर या भाषेची पातळी ठरवणाऱ्या चौकटीत ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्या आहेत आणि प्रगत म्हणजे साधारणपणे सी1पासून पुढे. पण कोर्सच्या नावात हा शब्द घालायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून नावावर जाऊ नका. माझं स्वतःचं लिखाण कोण वाचणार, आणि मी ते सुधारून दिलं तर पुन्हा वाचणार का, एवढं आधी विचारा. हे पाचही पर्याय मी याच प्रश्नावर तोलते आहे.

वर्ष सुरू होण्याआधी की वर्षभर?

प्री-सेशनल ही मुख्यतः ब्रिटिश विद्यापीठांची पद्धत. शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी, बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात, काही आठवड्यांचा पूर्णवेळ कोर्स असतो. इंग्रजीत किती कमी पडताय त्यावर त्याची लांबी ठरते: कुणाला सहा आठवडे पुरतात, कुणाला दहा, कुणाला त्याहून जास्त लागतात. प्रवेशाच्या अटीपेक्षा अर्धा-एक बँड कमी असलेल्यांना हा कोर्स पूर्ण करून आत येता येतं. तुमचं प्रवेशपत्र तशा अटीवर असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. अट पूर्ण झालेली असेल, तरी अनेक वर्षांनी शिक्षणात परतणाऱ्याला हा कोर्स फार उपयोगी पडतो. रोज वर्ग, रोज वाचन, शेवटी मोठा निबंध आणि सादरीकरण, आणि या काळात मुख्य विषयाचं ओझं डोक्यावर नाही. ब्रिटनमध्ये अशा कोर्सना बालीप ही संस्था मान्यता देते. मान्यता आहे का, ते अर्ज करण्याआधी पाहून घ्या.

दुबळी बाजूही आहे. वर्गात अर्थशास्त्राचा, यंत्र अभियांत्रिकीचा आणि कायद्याचा विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे निबंधाचा विषय सगळ्यांना झेपेल असा सर्वसाधारण ठेवावा लागतो. शिवाय तुमचा विभाग नेमकं काय मागणार आहे, हे तेव्हा तुम्हालाही ठाऊक नसतं. फीही वेगळी भरावी लागते.

इन-सेशनल याच्या उलट आहे. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला एक-दोन तास, नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांना बहुतेकदा मोफत, आणि सहसा क्रेडिट नाही. क्रेडिट नसल्याचा फटका सेमिस्टरच्या मध्यावर बसतो. डेडलाइन जवळ आल्या की विद्यार्थी आधी हाच वर्ग सोडतात, आणि लिखाणाला मदत नेमकी तेव्हाच हवी असते. तुम्ही इन-सेशनल निवडणार असाल तर वेळापत्रकात तो तास मुख्य विषयाच्या लेक्चरइतकाच पक्का धरा. लेक्चर ऐकता ऐकता टिपणं काढणं, सेमिनारमध्ये दुसऱ्याचं म्हणणं खोडताना नेमकं कुठे तोंड घालायचं, हे समोर माणसं असल्याशिवाय शिकता येत नाही. तेवढ्यासाठी तरी हा वर्ग ऑनलाइन कोर्सपेक्षा कितीतरी सरस.

सगळ्यांसाठी एक की तुमच्या विषयापुरता?

निवड करताना विद्यार्थी याकडे सर्वांत कमी पाहतात, आणि माझ्या लेखी कोर्सचा उपयोग सर्वांत जास्त यावरच ठरतो. विद्यापीठीय इंग्रजी नावाची एकच एक भाषा नसते. प्रयोगशाळेचा अहवाल प्रस्तावना, पद्धती, निकाल, चर्चा या साच्यात चालतो. इतिहासाच्या निबंधाला तो साचा लावला तर निबंध मोडून पडतो. भाषाशास्त्रज्ञ केन हायलंड यांनी वेगवेगळ्या ज्ञानशाखांमधले शोधनिबंध तपासले, तेव्हा सावध, मोजून-मापून केलेली विधानं मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांत जास्त आढळली, विज्ञान-अभियांत्रिकीत कमी. दुसऱ्या संशोधकाचा दाखला देताना वापरायची क्रियापदंही शाखेगणिक बदलतात. तत्त्वज्ञानातला लेखक 'आर्ग्यू' करतो, तर अभियांत्रिकीतला 'रिपोर्ट' करतो.

शब्दांचंही तेच. भाषाशास्त्रज्ञ अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अकॅडेमिक वर्ड लिस्टमध्ये (शैक्षणिक शब्दांच्या यादीत) 570 शब्दकुळं, म्हणजे एकेका मूळ शब्दाची रूपं धरून केलेले गट आहेत, आणि त्यांनी तपासलेल्या सुमारे 35 लाख शब्दांच्या शैक्षणिक मजकुरातले साधारण 10 टक्के शब्द त्या यादीत बसतात. यादी उत्तम आहे, जरूर वापरा. पण त्या मजकुरातही वाणिज्यात तिचा वाटा 12 टक्के होता आणि विज्ञानात 9च्या आसपास. कोर्सचा निम्मा वेळ शब्दयादीवर जाणार असेल तर तो कोर्स घेऊ नका. शब्द घरी पाठ करता येतात.

वर्गात काय मिळायला हवं, त्याचं एक उदाहरण देते. झोप आणि स्मरणशक्ती या विषयावर एका विद्यार्थिनीने पूर्वसंशोधनाचा परिच्छेद लिहिला आहे असं समजा. पहिल्या संशोधकाला हे आढळलं, दुसऱ्याला ते आढळलं, तिसऱ्याने अमुक सांगितलं, अशी एकापाठोपाठ एक वाक्यं, सगळी शुद्ध. व्याकरण पाहणारा शिक्षक बरोबरची खूण करून पुढे जाईल. लेखन शिकवणारा शिक्षक समासात लिहील: 'या तिघांचं कुठे पटतं, कुठे पटत नाही? आणि तू कुठे उभी आहेस?' दुसऱ्या खर्ड्यात परिच्छेदाची सुरुवात बदलते: आतापर्यंतचे अभ्यास प्रयोगशाळेत झोपवलेल्या लोकांवर झाले, घरच्या अंथरुणावरच्या झोपेबद्दल त्यांतून फारसं कळत नाही. मग तिन्ही संशोधक दोन वाक्यांत येतात आणि तिसऱ्या वाक्यात तिचा स्वतःचा प्रश्न उभा राहतो. भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी 1990 साली शोधनिबंधाच्या प्रस्तावनेसाठी मांडलेल्या तीन पायऱ्या त्या याच: क्षेत्र दाखवा, त्यातली मोकळी जागा दाखवा, ती जागा घ्या. पायऱ्या वाचून पाच मिनिटांत समजतात. स्वतःच्या परिच्छेदात त्या उतरवायला कुणीतरी समासात प्रश्न विचारणारं लागतं.

म्हणून तुमच्या विभागाशी जोडलेला इन-सेशनल वर्ग किंवा संशोधन-लेखनाचा क्रेडिट कोर्स उपलब्ध असेल तर सर्वसाधारण कोर्सकडे वळूनही पाहू नका. अमेरिकी विद्यापीठांत क्रेडिटची पद्धत जास्त आढळते. काही ठिकाणी आल्याबरोबर प्लेसमेंट टेस्ट (पातळी ठरवणारी परीक्षा) होते आणि तिच्यावरून कोर्स सक्तीचा होतो. सक्ती अनेकांना अपमानास्पद वाटते. पण क्रेडिट असलं की शिक्षकाला तुमचे खर्डे वाचावेच लागतात आणि तुम्हालाही ते वेळेवर द्यावे लागतात. हे फार मोठं बळ आहे. आपल्या विभागाची खरी असाइनमेंट वर्गात आणता येते का, तेवढं नाव नोंदवण्यापूर्वी विचारून घ्या.

रायटिंग सेंटर आणि ऑनलाइन

रायटिंग सेंटरमध्ये ट्यूटर अर्धा-पाऊण तास तुमच्याच खर्ड्यावर तुमच्याशी बोलतो, आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हे बहुधा मोफत असतं. गैरसमज एकच होतो: लोक चुका सुधारून घ्यायला जातात आणि नाराज होऊन परततात. बहुतेक सेंटर प्रूफरीडिंग करून देत नाहीत. 'माझा निबंध बघा' म्हणू नका. 'दुसऱ्या भागातून तिसऱ्या भागात जाताना धागा तुटतोय का?' असं नेमकं विचारा. ट्यूटर तुमच्या विषयाचा असेलच असं नाही, म्हणून आशयाबद्दलचं त्याचं मत सावधपणे घ्या. वर्षभराच्या वर्गाला हा पर्याय नाही, पण त्याच्या जोडीला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

ऑनलाइनमध्ये कोर्सेरा या कोर्सच्या संकेतस्थळावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेची अकॅडेमिक इंग्लिश: रायटिंग ही मालिका आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी स्टॅनफर्डचा रायटिंग इन द सायन्सेस जरूर पाहावा. तो फक्त परभाषकांसाठी बनवलेला नाही, पण वाक्यातली भरताड काढून टाकायला तो फार छान शिकवतो. संदर्भ कसे द्यायचे यासाठी पर्ड्यू विद्यापीठाचं आउल, आणि मँचेस्टर विद्यापीठाचं अकॅडेमिक फ्रेजबँक ही संकेतस्थळं मोफत आहेत. फ्रेजबँकेतली वाक्यं कुणाची कल्पना मांडत नाहीत, फक्त सांगाडा देतात, त्यामुळे ती वापरली तर प्लेजरिझम (वाङ्मयचौर्य) होत नाही. कमतरता फीडबॅकची आहे. या कोर्सेसमध्ये तुमचं लिखाण बहुधा सहविद्यार्थीच वाचतात, आणि तेही तुमच्यासारखेच शिकणारे असतात. ज्यांच्या विद्यापीठात इंग्रजी माध्यम आहे पण लेखनाची मदत नाही, त्यांनी ऑनलाइन कोर्स घ्यावा आणि आपल्या विषयातला, आपल्यापुढे दोन वर्षं असलेला एक वाचक स्वतः शोधावा. एआयची साधनं वाक्यं गुळगुळीत करतात, पण समासातला तो प्रश्न तुमच्या वतीने सोडवत नाहीत. शिवाय त्यांच्या वापराचे नियम प्रत्येक विभागाचे वेगळे असतात, ते आधी वाचा.

एका वर्षाची मास्टर्स करणाऱ्याकडे चाचपडायला वेळ नसतो. त्याने पहिल्या आठवड्यातच विभागाच्या इन-सेशनल वर्गात नाव घालावं आणि पहिल्या असाइनमेंटच्या डेडलाइनच्या दहा दिवस आधीची रायटिंग सेंटरची वेळ घेऊन ठेवावी; शेवटच्या आठवड्यात वेळा मिळत नाहीत. पीएचडी करणाऱ्याने संशोधन-लेखनाचा क्रेडिट कोर्स दुसऱ्या वर्षात घ्यावा. पहिल्या वर्षी सुधारायला स्वतःचा मजकूर हाताशी नसतो, आणि चौथ्या वर्षी मोडलेला थीसिस नव्याने बांधायला वेळ उरत नाही. आणि मार्गदर्शकाकडे खर्डा जाण्याआधी तो लेखन-शिक्षकाच्या नजरेखालून जाऊ द्या, म्हणजे मार्गदर्शकाचा वेळ वाक्यांवर खर्च न होता प्रयोगांवर होईल.