झेनोब्लेड क्रॉनिकल्स: पत्रं लिहून मागवलेला गेम, एवढा भारी आहे का?

आधीच सांगून टाकते, गेम भारी आहे, आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट जगायचे गेम, आवडत असतील तर डोळे झाकून घ्या. मी निंटेंडोच्या स्विच कन्सोलवरची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्याने सजवून काढलेली आवृत्ती खेळले. पण ह्याचा रिव्ह्यू लिहायचा आणि त्या पत्रांच्या भानगडीबद्दल बोलायचं नाही हे काही मला जमणार नाही.

तर झालं असं की मोनोलिथ सॉफ्टचा हा गेम जपानमध्ये जून २०१० ला वी ह्या निंटेंडोच्या जुन्या कन्सोलवर आला, युरोपला ऑगस्ट २०११ मध्ये इंग्रजीत मिळाला, ब्रिटिश आवाजांसकट, आणि अमेरिकेत मात्र निंटेंडो ढिम्म. बरं वी ला रीजन लॉक, म्हणजे अमेरिकेतल्या माणसाने लंडनहून डिस्क मागवली तरी ती त्याच्या मशीनवर चालणार नाही. म्हणून युरोपात गेम यायच्या आधीच, जून २०११ मध्ये, अमेरिकेतल्या फॅन लोकांनी ऑपरेशन रेनफॉल नावाची मोहीम काढली, मागणी तीन गेम्सची, झेनोब्लेड, द लास्ट स्टोरी आणि पँडोराज टॉवर. ईमेल, फेसबुक तर होतंच पण लोकांनी चक्क कागदावर पत्रं लिहून पाकिटं पोस्टात टाकली. निंटेंडो ऑफ अमेरिकाचं उत्तर काय, तर कधीच नाही असं आम्ही म्हणत नाही पण सध्या तसा प्लॅन नाही. सरकारी ऑफिसातलं उत्तर वाटतं ना अगदी.

मला ह्यात आवडलं ते मागायची पद्धत. एरवी कंपनीला फॅनचं पत्र म्हणजे चार शिव्या आणि आता तुमचं काहीच विकत घेणार नाही अशी धमकी. इथे मुद्दा साधा होता, भाषांतर तुमच्याच युरोपच्या ऑफिसने केलंय, डबिंग झालंय, म्हणजे मोठा खर्च आधीच उरकलाय, आता डिस्क छापा आणि विका, आम्ही घेतो. आणि नुसतं म्हणाले नाहीत! ॲमेझॉनवर गेमच्या जुन्या नावाने, मोनाडो: बिगिनिंग ऑफ द वर्ल्ड, एक पान पडून होतं, त्यावर सगळ्यांनी मिळून प्रीऑर्डर टाकल्या आणि तो गेम्सच्या यादीत एक नंबरला गेला. अजून अमेरिकेसाठी जाहीरही न झालेला गेम! पब्लिशरला भावना कळोत न कळोत, हे बरोबर कळतं.

डिसेंबर २०११ मध्ये घोषणा झाली आणि एप्रिल २०१२ ला गेम आला, पण तोही फक्त गेमस्टॉप ह्या गेमच्या दुकानांच्या साखळीत आणि निंटेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात, जणू उपकारच. बाकीचे दोन एक्ससीड नावाच्या दुसऱ्या पब्लिशरने काढले, २०१२ आणि २०१३ मध्ये. आता हे सगळं पत्रांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, निंटेंडोचे तेव्हाचे अमेरिकेतले बॉस रेजी ह्यांनी नंतर बोलून दाखवलंच की लाख सह्या म्हणजे लाख कॉपी खपतील असं नसतं. खरंय की, सही फुकट असते. म्हणून तर त्या प्रीऑर्डरचं मला जास्त कौतुक. आणि मागितलं ते मिळालं तरी कसं मिळेल ह्याचा भरवसा नाही, त्याच सुमारास पीसीवाल्यांनी पिटिशन करून डार्क सोल्स मागवला आणि आला तो असा की रिझोल्यूशन ७२० वर अडकलेलं, माउस न वापरलेला बरा, शेवटी एका मॉडरने, म्हणजे गेममध्ये स्वतःहून बदल करणाऱ्या फॅनने, बाहेरून ते दुरुस्त केलं.

बरं आता गेम. दोन अवाढव्य राक्षस लढता लढता मेले, बायोनिस आणि मेकॉनिस, आणि त्यांच्या अंगावर जग वसलंय, म्हणजे आपण पायाच्या पोटरीपासून सुरुवात करून वर वर चढत जातो. पहिले काही तास सावकाश आहेत, कॉलनी ९ मध्ये ह्याला भेट त्याला भेट चालतं, धीर धरा. मग गुहेतून बाहेर येऊन गौर प्लेन लागतं, एकदम एवढं मोठं मैदान आणि मागे ते म्युझिक, मी कंट्रोलर खाली ठेवून नुसती ऐकत बसले होते. तिथे तुम्ही जेमतेम लेव्हल १०-१२ चे असता आणि शेजारून लेव्हल ८१ चा गोरिला निवांत फिरत असतो, एक फटका की खेळ खलास. आता वाटेला जायचं नाही, नंतर येऊन हिशोब चुकता करायचा.

लढाईत साधे वार आपोआप होतात, आपण आर्ट्स म्हणजे खास वार निवडायचे आणि जागा बघायची, आपला हिरो शल्क, त्याचा बॅक स्लॅश पाठीमागून मारला की दुप्पट लागतो. खरी मजा व्हिजनची, मधेच भविष्य दिसतं की अमुक सेकंदांत तमक्याला एवढा फटका बसून तो मरणार, आणि तेवढ्या वेळात त्याला सावध करा नाहीतर मोनाडोची, म्हणजे शल्कच्या जादुई तलवारीची, ढाल लावा. कितीही वेळा आलं तरी छातीत धस्स होतंच. कटकट म्हणाल तर साइड क्वेस्ट, ढिगाने आहेत आणि बऱ्याचशा अमुक मारा तमुक गोळा करा छापाच्या, मी निम्म्या सोडल्या. निदान ह्या एडिशनमध्ये मॅपवर खुणा दिसतात, वी वर लोकांनी ते कसं शोधलं देव जाणे. चेहरे नव्याने केलेत ते छान, पण हातात धरून खेळलात तर चित्र चांगलंच धूसर दिसतं, टीव्हीला लावूनच खेळा. लढाईतली बडबडही तीच तीच, रेन नावाच्या साथीदाराचं रेन टाइम रेन टाइम ऐकून घरचे वैतागले.

किंमत अमेरिकेत ६० डॉलर, आपल्याकडे निंटेंडो अधिकृतपणे विकतच नाही त्यामुळे दुकानदार म्हणेल तो भाव, दोन-तीन ठिकाणी विचारा. वी ची डिस्क शोधायच्या फंदात पडू नका, गेमस्टॉपने मधे वापरलेल्या कॉपी ९० डॉलरला विकल्या होत्या ह्यावरून काय ते समजा. आणि मेनूमध्ये फ्युचर कनेक्टेड नावाची पुढची गोष्ट पहिल्यापासून उघडीच असते, ती आधी लावू नका, मुख्य गेमचा शेवट फुटतो.