उंचावरच्या अक्षरांसाठी सरकणारी लेन्स : ३५ मिमी एफ/२.८ पीसी-निक्कॉर

जुन्या दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती टिपत शहरभर पायी फिरणाऱ्यांना एक अडचण सतत भेटते : अक्षरे वर असतात आणि आपण खाली. कॅमेरा वर कलवला की भिंतीच्या उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात, पाटीचा आयत समलंब चौकोन होऊन बसतो आणि वरच्या ओळीतली अक्षरे खालच्या ओळीपेक्षा लहान दिसू लागतात. ज्या पेंटरने ती अक्षरे काढली, तो परांचीवर त्यांच्या अगदी समोर उभा होता. त्याला दिसले तसे ती दिसावीत, एवढ्याच हट्टापायी मी निकॉनची ही जुनी, वापरलेली लेन्स घेतली आणि आता दोन वर्षे ती माझ्या पिशवीत आहे.

छोट्या फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यासाठी, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधलेच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यासाठी, अशी सरकणारी लेन्स पहिल्यांदा आणली ती निकॉननेच, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, तिचे अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, जास्तीत जास्त एफ/३.५ एवढे उघडत असे आणि थोडे मोठे उघडणारी एफ/२.८ हे तिचे पुढचे रूप. नावातले पीसी म्हणजे ‘पर्स्पेक्टिव्ह कंट्रोल’, झुकणाऱ्या रेषांवर ताबा. रचना साधी आहे. बाजूचा स्क्रू फिरवला की लेन्सचा पुढचा भाग मूळ अक्षापासून ११ मिमीपर्यंत सरकतो आणि तो कोणत्या दिशेने सरकावा हे लेन्स गोल फिरवून ठरवता येते. कॅमेरा भिंतीला समांतर, म्हणजे सरळच ठेवायचा आणि वरचा भाग चौकटीत आणण्यासाठी फक्त लेन्स वर न्यायची.

११ मिमी ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण हिशेब करून पाहावा. पूर्ण आकाराच्या (३६ × २४ मिमी) सेन्सरवर आडवी चौकट धरून भिंतीपासून ७ मीटरवर उभे राहिल्यास साधी ३५ मिमीची लेन्स सुमारे ४.८ मीटर उंचीचा पट्टा दाखवते. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर त्याची वरची कड ३.९ मीटरवर येते. लेन्स पूर्ण सरकवली की ती २.२ मीटर वर चढते, म्हणजे ६ मीटरच्या थोडी पुढे जाते. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली रंगवलेले नाव एवढ्यात सहसा येते. मात्र गल्ली अरुंद असेल आणि मागे सरायला ३ मीटरच मिळत असतील, तर हाच लाभ एका मीटरच्याही आत येतो. अशा ठिकाणी ही लेन्स बाहेर काढण्यात अर्थ नाही.

हेच काम संगणकावर होते, मग एवढा खटाटोप कशाला, असे मला अनेकांनी विचारले आहे. थोडा कल असेल तर संगणकावर सरळ केलेले चित्र चांगलेच निघते आणि मीही तसे करते. पण कल वाढला की वरचा भाग ताणावा लागतो आणि नेमकी तिथली अक्षरे मुळात कमी बिंदूंत टिपलेली असतात. एका विटांच्या भिंतीवर, जिथे दोन पिढ्यांच्या जाहिराती एकमेकींवर चढल्या आहेत, मी दोन्ही प्रकार करून पाहिले. पावसानंतर ओल्या भिंतीवर खालच्या थरातली अक्षरे उठून दिसत होती. पांढरी अक्षरे सर्वांत टिकून होती, कारण जुन्या सफेद्यात शिसे असे आणि तो इतर रंगांपेक्षा जास्त तग धरतो. सरकवलेल्या लेन्सच्या चित्रात वरच्या ओळीतल्या एका अक्षराच्या टोकाला ब्रश उचलताना राहिलेले केसांचे ओरखडे मोजता येत होते; ताणलेल्या चित्रात त्याच जागी मऊसर राखाडी डाग होता.

काचेवरच्या सोनेरी वर्खाच्या अक्षरांसाठी हिचा मला न अपेक्षिलेला उपयोग झाला. काचेसमोर उभे राहिले की आपलेच प्रतिबिंब अक्षरांवर पडते. दोन मीटरवरून साठ सेंटिमीटर बाजूला उभे राहायचे, कॅमेरा काचेला समांतर ठेवायचा आणि लेन्स आडवी सरकवायची. अक्षरे मध्यभागी सरळ येतात आणि छायाचित्रकार चौकटीच्या कडेला ढकलला जातो, तिथून त्याला कापून टाकता येते.

आता त्रासाचे. फोकस हाताने करावा लागतो आणि अॅपर्चरही स्वतः आठवणीने बंद करावे लागते. फिल्म कॅमेऱ्यावर प्रकाशाचे माप लेन्स सरकवण्यापूर्वीच घ्यावे लागते; अडॅप्टर लावून आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यावर वापरली तर ही कटकट बरीच कमी होते. पूर्ण सरकवल्यावर चित्रवर्तुळाची, म्हणजे लेन्स आत टाकते त्या गोल प्रतिमेची, कड वापरात येते, म्हणून एफ/८ किंवा एफ/११पेक्षा मोठे छिद्र मी ठेवत नाही आणि प्रकाश कमी आत येतो. निऑनच्या पाट्यांसाठी त्यामुळे ट्रायपॉड लागतोच. फ्रेंच संशोधक जॉर्ज क्लॉदने १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात मिरवलेला निऑनचा तो नारिंगी-लाल प्रकाश जरा जास्त एक्स्पोजर मिळाले की पांढरा पडतो, तेव्हा आकाशात थोडा उजेड असतानाच चित्र घ्यावे.

वापरलेली लेन्स घेताना सरकवण्याचा स्क्रू दोन्ही टोकांपर्यंत स्वतः फिरवून पाहावा. माझ्या विक्रेत्याने ‘उत्तम स्थितीत’ म्हणून दिलेल्या लेन्सचा तो इतका सैल होता की वर सरकवलेला भाग स्वतःच्याच वजनाने हळूहळू खाली येई. दुरुस्तीला तीन आठवडे गेले.

खरी अडचण वेगाची आहे. ट्रायपॉड, समतल, फोकस, अॅपर्चर या सगळ्यात एका पाटीला दहा मिनिटे सहज जातात, आणि शहर तेवढे थांबत नाही. गेल्या वर्षी एका बंद दुकानावरची निळी एनॅमलची पाटी मला संध्याकाळी दिसली. स्क्रूच्या भोकांभोवती मुलामा उडून गंज धरला होता, बाकी काचेसारखी झळझळीत. उजेड पुरेसा नाही म्हणून मी लेन्स पिशवीतच ठेवली आणि सकाळी परत गेले, तर तिथे पाटीची चार भोके आणि मागच्या भिंतीचा फिकट न झालेला आयत उरला होता. तेव्हापासून पाटी दिसली की मी आधी फोनवर एक वाकडेतिकडे चित्र घेते आणि मगच ट्रायपॉडचे पाय उघडते.