तलवार घेताना मुठीच्या आत काय आहे ते आधी पाहा

गेल्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी माझ्या हातातली तलवार निखळली. पातं मोडलं नाही, ते मुठीतून अख्खं सुटलं आणि भिरभिरत पाच-सहा मीटरवर जाऊन हिरवळीत रुतलं. तिथून हातभर अंतरावर आमच्या वर्गातली सोळा वर्षांची मुलगी पाण्याची बाटली उघडत बसली होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण रात्री डोळे मिटले की ते थरथरणारं पातं आणि त्याच्या शेजारी तिचा पाय दिसतो. पैसे गेले ते गेलेच. लिहिते आहे ते त्या हातभर अंतरासाठी.

मी मूळची कोल्हापूरची. आजोबांच्या तालमीत लाठी आणि दांडपट्टा शिकले. लग्नानंतर जर्मनीत आले, आता सात वर्षं ड्युसेलडॉर्फला आहे. इथे जुन्या युरोपीय तलवारबाजीचे वर्ग चालतात. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या जर्मन हस्तलिखितांवरून डाव बसवतात, लिश्टेनाउअर नावाच्या उस्तादाच्या परंपरेतले. पहिल्या दिवशी दोन हातांनी धरायची लांब तलवार हातात आली आणि तालमीचा वास आठवला. तेव्हापासून रविवार चुकवलेला नाही.

सराव बोथट तलवारीने होतो. पण वर्षातून चार-पाच वेळा धारदार तलवारीने भिजवलेल्या चटईच्या गुंडाळ्या कापायच्या असतात. पातं तिरकं गेलं तर ते तिथे लगेच कळतं. त्यासाठी मला स्वतःची धारदार तलवार हवी होती. नाव असलेल्या कारागिराकडून घडवून घ्यायची तर हजार युरोंच्या पुढे आणि वर्षभर थांबा. अशात एका जाहिरातीवर नजर गेली.

विक्रेत्याने लिहिलं होतं: पंधराव्या शतकातल्या मूळ तलवारीवरून केलेली, ओकशॉट यांच्या वर्गीकरणातला प्रकार अठरा-ए, हाताने घडवलेली, सोलिंगेनचं स्प्रिंग पोलाद, वजन १.४ किलो, किंमत ५२० युरो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इवर्ट ओकशॉट या इंग्रज अभ्यासकाने मध्ययुगीन तलवारींची पात्याच्या आकारावरून प्रतवारी केली, दहा ते बावीस अशा रोमन आकड्यांत. अठरा-ए म्हणजे टोकाकडे निमुळतं होत जाणारं, मधोमध उंच कणा असलेलं, चपट्या शंकरपाळ्यासारख्या छेदाचं पातं. फोटोत तो कणा स्वच्छ दिसत होता. पात्यावर पळत्या लांडग्याची खूण होती आणि खाली सोलिंगेन असं नाव.

त्या लांडग्याने मला गाठलं. सोलिंगेन हे पात्यांसाठी नावाजलेलं शहर आमच्या घरापासून लोकलने अर्ध्या तासावर. तिथल्या ग्रेफ्राट भागात जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचं संग्रहालय आहे, तिथे मी कितीतरी दुपारी घालवल्या आहेत. आणि कोल्हापूरच्या मुलीला फिरंग शिकवावी लागत नाही. युरोपातून समुद्रमार्गे आलेली पाती आपल्याकडच्या मुठींत बसवली गेली, तीच फिरंग. नागपूरकर रघूजी भोसल्यांची म्हणून जी तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावातून ४७ लाखांवर रुपये मोजून परत आणली, तिचं पातंही युरोपीय घडणीचं आहे. ती बातमी वाचून मी बाबांशी तासभर बोलले होते. जाहिरात दिसली ती नेमकी त्यानंतरच्याच महिन्यात. तेव्हा लांडगा पाहून माझं मन आधीच विकलं गेलं होतं.

खरं तर तोच लांडगा पाहून मी सावध व्हायला हवं होतं. ही खूण मुळात पासाउ शहरातल्या कारागिरांची. ती नावाजली म्हणून सोलिंगेनच्या लोहारांनीही उचलली. त्याहून जुनं उदाहरण नवव्या ते अकराव्या शतकांतल्या उल्फबेर्ट तलवारींचं. पात्यावर उल्फबेर्ट हे नाव दोन फुल्यांसह कोरलेलं असतं. चांगल्या पोलादाच्या पात्यांवर त्यातलं दुसरं फुलीचं चिन्ह शेवटच्या अक्षराआधी येतं, आणि हलक्या लोखंडाच्या बऱ्याच पात्यांवर ते नाव संपल्यावर. हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी दुसऱ्याचं नाव कोरून गिऱ्हाईक गाठत होतं. आपल्याकडे इराणातल्या इस्फहानच्या असदुल्ला या लोहाराचं नाव किती पात्यांवर आहे ते मोजलं तर त्या एका माणसाला दोनशे वर्षं जगावं लागलं असतं. हे सगळं मला ठाऊक होतं.

मी विक्रेत्याला निरोप पाठवला. तो फार गोड बोलला. आपण खासगी माणूस आहोत, वडिलांचा संग्रह मोडतो आहोत, तलवार जाणकाराच्या घरी जावी एवढीच इच्छा आहे, असं म्हणाला. पातं मुठीत कुठवर गेलंय, असं विचारलं तर ‘अर्थातच शेवटपर्यंत’. मुठीमागचा गोळा काढून फोटो पाठवा म्हटलं तर ‘तो ठोकून पक्का केलाय, काढला तर तलवार बिघडेल’. ठोकून पक्क्या केलेल्या गोळ्याच्या टोकाला पात्याची चेमटलेली शेंडी दिसते, तिचा तरी फोटो मागावा हे मला सुचलं नाही. वर त्याने एक चिनी ज्येनही देऊ केली. ज्येन म्हणजे सरळ, दुधारी तलवार. प्राचीन चीनमधल्या राजा गौज्येनच्या तलवारीची हुबेहूब प्रतिकृती, लोंगच्वान या चिनी गावातल्या कारागिराने पोलादाच्या शेकडो घड्या घालून केलेली, २६० युरो. दोन्ही घेतल्या तर ७०० मध्ये.

यजमानांना चिनी वस्तूंची आवड, त्यांचा वाढदिवस तोंडावर आलेला. मी ७०० युरो खात्यावर पाठवले. त्याने आग्रह केला होता की विक्रीच्या संकेतस्थळावरून पैसे भरू नका, ते कमिशन कापतात. खातेक्रमांकाची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. ती जर्मनीची नव्हती. मी पाहिलं आणि पुढे गेले.

नऊ दिवसांनी खोकं आलं. उचलल्यावरच हात खाली गेला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर २ किलो ६० ग्रॅम. खऱ्या लांब तलवारी साधारण सव्वा ते पावणेदोन किलोंत बसतात. वजन जास्त असलं की तलवार मजबूत, हा समज घेऊन नवे लोक येतात. असल्या विक्रेत्यांचा धंदा त्यावरच चालतो. जुन्या लोहाराने पातं मुठीपाशी जाड ठेवून टोकाकडे पातळ करत नेलेलं असतं, सहा-सात मिलिमीटरपासून दोन-तीनपर्यंत. म्हणून ती हातात जिवंत वाटते, टोक मनगटाबरोबर वळतं. माझ्याकडे आलेल्या पात्याला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. मुठीपाशी ४.६, टोकाआधी चार बोटांवर ४.५. पत्र्याची पट्टी कापून तिला धार लावली होती. फोटोतला कणाही नव्हता, दोन्ही बाजू सपाट. फोटो दुसऱ्याच कुणाच्या तलवारीचे होते.

पोलाद कसलं ते लिंबाने सांगितलं. आईच्या लोखंडी विळीवर लिंबू कापलं की पातं तिथल्या तिथे काळवंडायचं आणि ती ओरडायची. मी तलवारीवर लिंबाची फोड चोळली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी आरशासारखी चकचकीत, डाग नाही. म्हणजे स्टेनलेस. भाजीच्या सुरीला ते उत्तम. पण तीन फुटांच्या, आघात सोसायच्या पात्याला नको, कारण एवढ्या लांबीवर ते लवण्याऐवजी तुटतं. स्प्रिंग पोलादाला लिंबाने करडा डाग पडलाच असता.

इथे थांबायला हवं होतं. मी विक्रेत्याला लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. दोन आठवडे गेले. कापणीचा शनिवार आला. मला वाटलं, पातं हलक्या प्रतीचं असलं तरी एकदा गुंडाळीवर मारून बघू. आमच्या शिक्षकांना, साठीतले गृहस्थ आहेत, मी काही सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली. तिसऱ्या वाराला ते झालं, वर लिहिलं आहे.

शिक्षक एक शब्द बोलले नाहीत. मुलीला आधी दूर बसवलं, पातं उपटून आणलं, माझ्या हातातली मूठ घेतली आणि चाकूने चामडं उभं चिरलं. आतलं लाकूड दोन फाकांत सुटलं. मधे बोटाएवढीही जाड नसलेली, आटे पाडलेली सळई. दुकानात नळाच्या सामानाबरोबर मिळते तशी. ती पात्याच्या बुडाला वेल्डिंगने चिकटवलेली. सांध्यावर राखाडी मणी मणी, आणि तुटलेल्या जागी अर्ध्याहून जास्त भाग गंजून तांबडा. ती भेग आधीपासूनच होती. ताजी, चमकणारी धातू नखाच्या चंद्रकोरीएवढीच. तेवढ्यावर अख्खं पातं धरलेलं होतं.

रात्री बाबांना फोन केला.

“पात्याचा बूड बघितल्याबिगर पैसं दिलंस व्हय गं?”

“फोटोत फार चांगली दिसत होती, बाबा.”

“फोटोत मूठ झाकलेलीच असतीय की. आपल्याकडं राळ भरून मूठ बसवत्यात, पर आत जातंय ते पात्याचंच लोखंड. जोड न्हाई त्यात. पोरीला लागलं न्हाई न्हवं?”

“नाही.”

“मग झोप आता. सकाळी तक्रार दे.”

ज्येनचं सांगायचं राहिलं. गौज्येनची खरी तलवार १९६५ साली हुबेई प्रांतात एका थडग्यात सापडली. ती कांस्याची आहे, लांबी ५५.७ सेंटिमीटर, अंगावर गडद शंकरपाळ्यांची नक्षी. वूहानच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. माझ्याकडे आली ती जवळजवळ एक मीटर लांब आणि पोलादाची. कांस्याच्या तलवारीची ‘हुबेहूब’ प्रतिकृती घड्या घातलेल्या पोलादाची कशी असेल, हा प्रश्न शाळकरी पोरानेही विचारला असता. लाटालाटांची जी नक्षी होती तिच्यावर कोपऱ्यात बारीक पॉलिशपेपर फिरवला, पाच मिनिटांत पुसली गेली. घड्यांची खरी नक्षी घासल्यावर दिसेनाशी होते, पण तिथे सौम्य आम्ल लावलं की पुन्हा उमटते, कारण ती पोलादाच्या अंगात मुरलेली असते. इथे आम्लाने नुसतं काळं धब्ब झालं. वरवर छापलेली होती.

यात लोंगच्वानचा दोष नाही, हे मुद्दाम लिहिते. झेजियांग प्रांतातलं ते गाव ओऊ येझी या दंतकथेतल्या लोहारापासून आपली परंपरा सांगतं, आणि तिथलं तलवार घडवण्याचं कसब २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. आमच्या वर्गातल्या एका बाईंकडे तिथलीच ज्येन आहे. हातात घेतली की मनगट आपोआप वळतं. सोलिंगेनचंही तेच. १९९४ च्या नियमानुसार ते नाव घालायचं तर घडाईचे महत्त्वाचे टप्पे त्याच परिसरात व्हावे लागतात. म्हणजे माझ्या पात्यावरचा ठसा हाच गुन्हा होता. हे मला पोलिसांत तक्रार लिहिताना कळलं.

तक्रार ऑनलाइन दिली. बँकेने सांगितलं, रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली, आता त्याच्या संमतीशिवाय परत येत नाही. दुकानाकडून ऑनलाइन घेतलेला माल इथे १४ दिवसांत परत करता येतो, खासगी माणसाकडून घेतलेला नाही. ‘वडिलांचा संग्रह’ कशासाठी होता ते तेव्हा उलगडलं. खासगी विक्रीत हमी नाही असं लिहिता येतं, पण जाणूनबुजून दोष लपवला असेल तर जर्मन कायद्यात त्या ओळीचा आडोसा मिळत नाही. मात्र त्यासाठी माणूस सापडावा लागतो. पाच महिन्यांनी सरकारी वकिलाच्या कार्यालयातून पत्र आलं, आरोपीचा ठावठिकाणा लागत नसल्याने तपास थांबवला आहे.

पुण्याहून माझा भाचा मागे लागला होता की मलाही अशीच एक पाठव. भारतातल्या मुलांनी हे नीट वाचा. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं आहेत, आणि परवान्याशिवाय ती परदेशातून मागवता येत नाहीत. ‘भारतात घरपोच, काळजी नको’ असं लिहिणारा पैसे घेतो. खोकं सीमाशुल्कवाले अडवतात आणि नाव तुमचं असतं.

मी आता नवी तलवार घेताना विक्रेत्याला मुठीशिवायच्या पात्याचा फोटो मागते. त्या फोटोत आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवायला सांगते. वजन, मुठीपासून तोल कुठे सांभाळतो ते अंतर, आणि तीन ठिकाणची जाडी विचारते. चांगल्या कारागिराकडे हे आकडे तयार असतात, उलट तो खूश होतो. तिघांनी दिले. चौथ्याने उत्तरच दिलं नाही.

निखळलेलं पातं आणि चिरलेली मूठ शिक्षकांनी ठेवून घेतली. नव्या मुलांना पहिल्या दिवशी ती सळई हातात देतात. ती मुलगी अजून येते.

जाहिरात गेल्या आठवड्यात पुन्हा दिसली. नाव वेगळं, गाव वेगळं, आता किंमत ४८० युरो आणि संग्रह आजोबांचा. फोटो तेच आहेत. राखाडी घोंगडीवर तिरकी ठेवलेली तलवार, डाव्या कोपऱ्यात हिरव्या चौकटीच्या खिडकीचा अर्धा भाग, आणि मुठीच्या चामड्यावर पांढऱ्या दोऱ्याचा एक सुटलेला टाका. मी संकेतस्थळाला दोनदा कळवलं आहे. आज सकाळपर्यंत ती तिथेच होती.