टायमिंग बेल्ट घरी बदलताय? नुसता बेल्ट की सीलसकट?

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातले दोन दांडे, खालचा क्रँक आणि वरचा कॅम, एका तालात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. तो आणि टेन्शनरचं, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचं, बेअरिंग एकत्र बदलायचं, यावर कुणाचं दुमत नसावं. अडतं ते पुढे. कव्हर उघडल्यावर आत दोन ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, दिसतात, वर कॅमचं आणि खाली क्रँकचं. कोरडी आहेत म्हणून तशीच ठेवायची, की उघडलंच आहे तर तीही बदलायची? माझ्या 2008 च्या सँट्रो झिंगवर मी दोन्ही करून पाहिलंय, आठ महिन्यांच्या अंतराने. मारुती 800, ऑल्टो 800, जुनी वॅगन-आर असलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. मारुतीच्या के-सिरीज इंजिनात चेन असते, त्यांना हा प्रश्नच नाही.

नुसता बेल्ट बदलण्याच्या बाजूने बोलण्यासारखं खरंच पुष्कळ आहे. काम एका दिवसात उरकतं. क्रँकवरचं दातेरी चाक काढावं लागत नाही, त्यामुळे त्याखालची चिमुकली चावी, म्हणजे चाक दांड्यावर जागच्या जागी धरणारा लोखंडी तुकडा, हरवायची धास्ती नाही. आणि कारखान्यात सरळ बसलेलं सील आपण घरी बसवलेल्या सीलपेक्षा बहुधा चांगलंच बसलेलं असतं. जुनं उचकटताना स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा क्रँकवर पडला, किंवा नवं जरा तिरकं बसलं, की जिथे गळत नव्हतं तिथे गळायला लागतं. आमच्या ओळखीतले एक जुने मिस्त्री म्हणायचे, गळत नसेल तर छेडू नये. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही.

म्हणून पहिल्यांदा, 71,000 किलोमीटरला, मी तसंच केलं. सीलवरून बोट फिरवलं, कोरडं. नवा बेल्ट चढवला, दातेरी चाकांवरच्या टायमिंगच्या खुणा जुळवल्या, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या. गाडी छान चालू झाली.

आठव्या महिन्यात पार्किंगच्या फरशीवर, उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढा डाग दिसला. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग असेल म्हणून आधी ते बदललं. पुष्कळदा तेच असतं, तुम्हीही आधी तेच बघा. डाग पडायचा थांबेना. वरचं कव्हर काढून टॉर्च मारली तर नव्या बेल्टच्या इंजिनाकडच्या कडेला काळी ओलसर रेघ. बोट लावलं, तेल. फोर्डच्या 1 लिटर इकोबूस्टचा बेल्ट तेलातच फिरतो, पण तो त्यासाठीच बनवलेला. आपल्या कोरड्या बेल्टला तेल लागलं की रबर फुगतं, दात मऊ पडतात, आणि ते पुसून सुधारत नाही. सँट्रोत बेल्टने दगा दिला की व्हॉल्व्ह वाकतात, मग हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. जेमतेम सहा हजार किलोमीटर चाललेला बेल्ट मी फेकून दिला.

बेल्टच्या पैशांचं मला तितकं वाईट वाटलं नाही. मनात धडकी भरली ती क्रँक पुलीच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चाकाच्या, बोल्टची. बेल्ट बदलायला तो काढावाच लागतो.

पहिल्या खेपेला या एका बोल्टने अख्खी दुपार खाल्ली होती. गाडी स्टँडवर, पाचवा गिअर टाकलेला, आत धाकटा भाऊ ब्रेक दाबून बसलेला, आणि मी गोटी पान्याच्या (सॉकेटच्या) हँडलला चार फुटी पाइप लावून लोंबकळतोय. हँडल लवायचं, गाडी स्टँडवर कुरकुरायची, बोल्ट ढिम्म. प्रत्येक जोराला वाटायचं, आता गाडी घसरणार. शेवटी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे ठोके दिले, डब्ल्यूडी-40 मारून अर्धा तास थांबलो आणि पुन्हा पाइपला लटकलो. कडाड असा आवाज झाला. आतून भावाने घाबरून विचारलं, "दादा, तुटला का?" तुटला नव्हता, सुटला होता. पण पुढची दहा मिनिटं माझे हात थरथरत होते.

तेच सगळं आठ महिन्यांत दुसऱ्यांदा. पुन्हा चाक, पुन्हा एसी, स्टिअरिंग आणि अल्टरनेटरचे बेल्ट, पुन्हा चेंबरखाली (इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली) फळी ठेवून जॅक, पुन्हा इंजिन धरून ठेवणारं उजवं फाउंडेशन, आणि पुन्हा तो बोल्ट. पुण्यात नाना पेठेतून आणलेली दोन्ही सील मिळून पाचशेच्या आत आली होती. ती बसवायला जास्तीचा तासभर लागला असेल. तेवढा तास मी पहिल्याच वेळी द्यायला हवा होता.

सील बदलायची तर घाई मात्र करू नका. जुनं काढण्याआधी ते किती आत बसलंय ते नीट बघून ठेवा. मी सीलमध्ये दोन बारीक स्क्रू पिळले आणि पक्कडीने ते स्क्रू ओढले, त्यामुळे क्रँकला काही टेकवावंच लागलं नाही. नव्याच्या लिपला, म्हणजे दांड्याला टेकणाऱ्या आतल्या कडेला, इंजिन ऑइलचं बोट लावलं, बाहेरच्या कडेवर बसेल अशा पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने चारी बाजूंनी सारखे, हलके ठोके दिले. पार्ट कंपनीच्या डब्यातला घ्या, इथे शंभर रुपये वाचवू नका.

डस्टरच्या 1.5 डिझेलसारख्या इंजिनात वॉटर पंपही टायमिंग बेल्टवरच फिरतो. तिथे हाच हिशोब पंपालाही लावावा, असं मला वाटतं.

गाडी वर्षभरात विकायची असेल आणि सील अगदी खडखडीत कोरडी असतील, तर नुसत्या बेल्टवर भागेलही. पण गाडी ठेवायची असेल, आणि सत्तर-ऐंशी हजारांवर चाललेली असेल, तर मी सीलसकटच करेन. दोन्हींचं धाडस होत नसेल तर निदान क्रँकचं बदला. कॅमचं सील वरच्या अंगाला आहे, पुढेमागे त्याच्यापर्यंत पोचताना त्या बोल्टला हात लावावा लागत नाही.