भोगवे बीचवरचं छोटं इको रिसॉर्ट: एसी नाही, टीव्ही नाही, तरी मनापासून आवडलं

वेंगुर्ला तालुक्यातल्या भोगव्याला, अगदी बीचला लागून असलेल्या या छोट्या रिसॉर्टमध्ये आम्ही घरचे सगळे डिसेंबरात राहून आलो. हल्ली दारात दोन कुंड्या ठेवल्या आणि बांबूची पाटी लावली की झालं इको फ्रेंडली, त्यामुळे बुकिंग करताना शंका होतीच, पण इथल्या काका-काकींनी खरंच विचार करून सगळं केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

खोल्या मोजक्याच, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि सगळं सुरूच्या बनाच्या आत, त्यामुळे बीचवरून बघितलं तर इथे हॉटेल आहे हे चटकन कळतही नाही. एसी नाहीये. थंडीत पहाटे पंखासुद्धा बंद करावा लागतो पण एप्रिल-मेमध्ये वयस्कर माणसं घेऊन जाणार असाल तर नीट विचार करा, कोकणातला घाम माहितीये सगळ्यांना.

मला सगळ्यात पटली ती पाण्याची व्यवस्था. विहीर समुद्राजवळ आहे आणि अशा ठिकाणी पंप लावून उपसत बसलं की खारं पाणी आत शिरतं, मग ती विहीर गेलीच. काका आल्या आल्याच सांगतात, "पाणी गोडा आसा, पण जपान वापरा." म्हणून शॉवर नाही, बादली आणि तांब्या. न्हाणीचं पाणी पाटाने मागच्या केळींना आणि माडांच्या आळ्यांत जातं. आमचा लेक त्या पाटाच्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत गेला, केळीच्या बुडाशी साबणाचा फेस बघून आला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःहून साबण कमी लावायला लागला.

रात्री पडवीत एक पिवळा दिवा, बस्स. समुद्राच्या बाजूला एकही फोकस नाही. काहींना अंधार वाटेल पण त्याला कारण आहे. या पट्ट्यात थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वायंगणीचा किनारा तर त्यासाठी ओळखला जातो, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि रात्री उजेडाच्या दिशेने चालत सुटतात. किनाऱ्यावर हॅलोजन लावले तर ती समुद्राकडे जायचं सोडून उलटी जमिनीकडे येतात. आम्हाला कासव काही दिसलं नाही, पण अंधारात पडवीत बसून नुसती गाज ऐकण्यासाठी मी परत जाईन.

जेवण मेन्यूकार्डवर नाही, मिळेल ते. सकाळी बीचवर रापण ओढत होते, दोन्ही बाजूंनी माणसं दोर खेचतायत, जाळं जवळ आलं तशी आत चांदीसारखी वळवळ दिसायला लागली, काकी टोपली घेऊन तिथेच उभ्या. दुपारी त्याच बांगड्यांचं तिरफळ घातलेलं तिखलं, भाकरी आणि सोलकढी! सुरमई-पापलेटचा हट्ट धरू नका. शाकाहारी मंडळींसाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, आमच्या सासूबाई खूश होत्या.

आता खटकलं ते. दुपारी देवबाग-त्सुनामी आयलंडकडच्या स्पीडबोटींचा आवाज येतो, यात रिसॉर्टचा दोष नाही पण शांततेसाठीच जाणाऱ्याला माहीत असावं. संध्याकाळी डास भरपूर, आमच्या खोलीतली मच्छरदाणी फाटकी होती, सांगितल्यावर लगेच बदलली खरी, पण आधीच बघायला हवी होती. वीकेंडचा रेट एसी हॉटेलच्या तोडीचा आहे, तो मला जास्तच वाटला. कामाला सगळी गावातलीच माणसं आहेत आणि खरेदीही गावातच करतात, त्यामुळे कुरकूर न करता दिला. नेटवर्क फक्त गेटपाशी, यूपीआय कधी चालतं कधी नाही, कॅश जवळ ठेवा.

कर्ली नदीच्या संगमाच्या टोकाला पाण्याला ओढ आहे, तिकडे पोहायला मुलांना अजिबात सोडू नका, बीचच्या मधल्या भागातसुद्धा काकांना विचारूनच उतरा. निवती किल्ला जवळच आहे, संध्याकाळी जाऊन या. कुडाळ स्टेशनवरून परुळेमार्गे साधारण तासाभराचा रस्ता, रात्रीच्या गाडीने येणार असाल तर रिक्षा आधीच सांगून ठेवा, काका फोन करून ठरवून देतात.